पुस्तकात शब्द आहेत, चाल कुठे आहे? (गावच्या चर्चमधलं गाणं, पायपेटी आणि नाताळची गायनसंध्या)

पऱ्हाटी

सर्वांना जय ख्रिस्त आणि नमस्कार.

आमचं गाव दारव्ह्याच्या बाजूला, यवतमाळ जिल्ह्यात. चर्च लहान आहे. दगडी भिंती, वर टिनं, खाली सतरंज्या आणि व्यासपीठाच्या डाव्या हाताला पायपेटी. मिशनचा बंगला रिकामा झाला तेव्हा ती तिथून आली. आधी बाबा वाजवायचे, आता मी वाजवतो. गेली दोन वर्षं मात्र ती गप्प आहे, कारण भाता हवा धरत नाही. आता उपासनेत कीबोर्ड असतो.

मागच्या बुधवारी महिला मंडळाच्या प्रार्थनेला चहाची किटली द्यायला गेलो होतो. आमच्या मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर आजी एकट्याच गात होत्या. शब्द ओळखीचे वाटले म्हणून ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं. गीत होतं, पण आम्ही ते पान कधीच उघडत नाही. घरी बाबांची जुनी प्रत पाहिली. तिथे गीताच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून दुसऱ्याच एका पदाचे पहिले दोन शब्द छापले आहेत. ते पद आज आमच्यात कोणालाच येत नाही. म्हणजे शब्द छापलेले आहेत आणि चाल फक्त त्या आजींच्या गळ्यात आहे. दुसऱ्या ओळीत त्या कोमल निषादावरून (उतरत्या ‘नी’वरून) अशा काही खाली उतरल्या की मी किटली हातात धरून तसाच उभा राहिलो. मोबाइल घरी चार्जिंगला होता. रविवारी आजी आल्या नाहीत, छाती भरली होती.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. बाबांच्या प्रतीत अशा खुणा केलेली बरीच गीतं आहेत. या नाताळात ट्रॅक लावून नाच-गाणं करण्याऐवजी जुन्या चालींची एक गायनसंध्या करावी असं पाळकसाहेबांशी बोललो, ते हो म्हणाले. मला तुमची मदत हवी आहे. या चाली शोधायच्या कशा, पायपेटी पुन्हा बोलेल का, आणि ज्यांनी आयुष्यात माइक हातात धरला नाही अशा बायांना गायला उभं कसं करायचं, हे सांगा.

सदरची_आल्टो

दादा, मी नागपूरची, वीस वर्षं चर्चच्या क्वायरमध्ये (गायकवृंदात) आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. तुमची पोस्ट वाचून माझ्या आजोबांची वही आठवली.

मिशनच्या शाळांमध्ये पूर्वी टॉनिक सोल्फा ही गाणं लिहून ठेवायची पद्धत शिकवायचे. इंग्लंडात जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात ती पद्धत रुजवली. पाच रेघांऐवजी नुसती अक्षरं असतात, डो रे मी यांची पहिली अक्षरं. मधल्या दोन टिंबांनी आणि उभ्या रेघांनी मात्रा कळतात. वरच्या सप्तकाला अक्षराच्या डोक्याशी छोटी खूण, खालच्याला पायाशी. त्यातला ‘डो’ एका पट्टीला बांधलेला नसतो, आपल्या षड्जासारखा हवा तिथे धरता येतो. त्यामुळे ‘डो’ म्हणजे सा, ‘सोल’ म्हणजे पंचम असं मनात धरलं की पेटीवाला अर्ध्या तासात ती वही वाचू लागतो. तुमच्या बाबांच्या कपाटात अशी एखादी वही आहे का, ते आधी पाहा. लोक ती इंग्रजीचा अभ्यास समजून रद्दीत देतात.

आणखी एक सांगते. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली, जिला आपण सीएनआय म्हणतो. त्यानंतर एकाच बाकावर अशी माणसं बसू लागली ज्यांच्या घरी एकाच गीताच्या दोन-दोन चाली होत्या. आमच्या क्वायरमध्ये ‘आमच्याकडची चाल’ आणि ‘तुमच्याकडची चाल’ यावरून तास तास बोलणं व्हायचं. तेव्हा कंटाळा यायचा. आता वाटतं, ते सगळं टिपून ठेवायला हवं होतं.

ट्रॅकवाला

भाऊ, राग नका मानू, पण ट्रॅकले नावं ठेवू नका.

मी वणीच्या बाजूचा. आमच्या चर्चमंदी पाच वर्षांमागं तरुण संघाचे चारच पोट्टे उरले होते. कीबोर्ड आणला, ढोलक आणली, तवा सतरा जण यायला लागले. त्यातले निम्मे आता पुण्याले कंपनीत हायत. ते नाताळाच्या दोन दिवस आधी येतात. मंग प्रॅक्टिस कवा करायची? मी ट्रॅक बनवून मोबाइलवर धाडतो, ते खोलीवर बसून पाठ करतात. ट्रॅक नसता तर ते मागच्या बाकावर बसून राहिले असते. जुन्या चाली मले बी आवडतात. माह्या मायले लय येतात. पण त्या शिकवाले कोनी बसलंच नाही आमच्यासंगं.

पऱ्हाटी

@ट्रॅकवाला, भाऊ, तुम्ही बरोबर आहात. ‘ट्रॅक लावून नाच-गाणं’ हे मी रागाच्या भरात लिहिलं. शिकवायला कोणी बसलं नाही हे आमच्याकडेही तितकंच खरं आहे. त्यात मीही आलो, कारण पेटी माझ्याकडे होती.

@सदरची_आल्टो, ताई, कपाट उघडलं. वही नाही, पण बाबांनी पुस्तकातच पेन्सिलीनं ‘पां. ४’ (पांढरी चार), ‘का. १’ (काळी एक) अशा खुणा केल्या आहेत. म्हणजे कोणतं गीत कोणत्या पट्टीत धरायचं ते.

सूर_जुळवणारा

पायपेटीविषयी लिहितो. चाळीस वर्षं पेट्या उघडतो आहे, त्यामुळे थोडं सविस्तर होईल.

आधी तुमची पेटी कोणत्या जातीची आहे ते बघा. आपली हातपेटी हवा बाहेर ढकलते आणि त्या दाबानं सूर, म्हणजे आतली पितळी पट्टी, बोलतो. मिशनच्या बंगल्यांतल्या बऱ्याच पायपेट्या अमेरिकन घडणीच्या. त्यात उलटं असतं. पायानं पायटे मारले की भाता हवा ओढून घेतो आणि बाहेरची हवा सुरांमधून आत शिरते. म्हणून तिचा आवाज हातपेटीपेक्षा मऊ आणि गोल लागतो. आणि म्हणूनच ती धूळही आत ओढते. टिनाच्या चर्चमध्ये, बाजूला कापसाची गाडी उभी राहत असेल, तर सुरांच्या फटीत कापसाचं तूस अडकलेलं हमखास सापडेल.

तपासायचं असं. पुढच्या सगळ्या खुंट्या आत ढकला, म्हणजे कोणताच सूर उघडा राहणार नाही. पायटे आठ-दहा वेळा मारा आणि पाय काढा. भाता सावकाश फुगत मूळ जागी आला तर तो चांगला आहे. धाडकन आला तर कुठेतरी फाटला आहे. मागची फळी स्क्रूनं निघते. ती काढून टॉर्च लावा. दहापैकी आठ वेळा उंदराचं काम असतं. भात्यावर रबर चढवलेलं कापड असतं. ते वाळून कडक झालं असेल तर ठिगळ टिकत नाही, पूर्ण कापड बदलावं लागतं. छोटं भोक असेल तर पातळ चामड्याचा तुकडा आणि सुताराचा सरस पुरेसा आहे. फेव्हिकॉल लावू नका. पुढच्या वेळी कोणाला तरी ते उघडायचं असतं, आणि सरस गरम पाण्यानं सुटतो.

आता सूर. ते पितळेचे असतात. एकेक सूर खाचेतून बाहेर ओढता येतो, त्याला एक छोटा आकडा लागतो. काढताना ओळीनं कागदावर ठेवा आणि नंबर घाला. मऊ ब्रशनं झाडा. तेल, रॉकेल, डब्ल्यूडी असलं काही लावायचं नाही, त्यावर धूळ चिकटते आणि सूर मुका होतो. सूर उतरला असेल तर त्याच्या पितळी जिभेच्या टोकाकडून अगदी थोडं घासल्यावर तो चढतो, बुडाकडून घासल्यावर उतरतो. हे ज्यानं कधी केलं नाही त्यानं करू नये. पितळ एकदा गेलं की परत येत नाही. साफ करून जो सूर बोलेल तोच ठेवा. जुन्या पेटीची पट्टी आजच्या कीबोर्डशी तंतोतंत जुळेल असंही धरून चालू नका. दोन्ही एकत्र वाजवायचे असतील तर कीबोर्डचं बारीक ट्यूनिंग पेटीकडे न्या. पेटीला कीबोर्डकडे ओढू नका.

आणि दुरुस्तीला शहरात पाठवणार असाल तर सोबत स्वतः जा, समोर बसून काम करून घ्या. माझ्या ओळखीच्या एका मंडळीनं पेटी टेम्पोत घालून एका दुकानात पाठवली होती. तीन महिन्यांनी ती परत आली, वरून पॉलिश चकचकीत आणि आतली सुरांची एक पूर्ण ओळ गायब. त्या मंडळीतले एक काका ती उघडी पेटी बघून लहान मुलासारखे रडले होते. मी तिथे होतो.

धारणीकडची

आमच्या मेळघाटात अजून एक अडचण आहे. आमच्या आयाबाया घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. मराठी गीत कोरकूत आणलं की अक्षरं चालीत बसत नाहीत, शब्दाचा जोर भलत्याच ठिकाणी पडतो. म्हणून आमच्याकडच्या काही जुन्या लोकांनी उलटा रस्ता धरला. आधी आपल्या नाचाची चाल घेतली आणि त्यात नवे शब्द बसवले. ती गाणी कुठल्याच पुस्तकात नाहीत. दादा, तुम्ही आजींचं गाणं टिपायला बसाल तेव्हा कसं टिपता ते इथे नक्की लिहा, मला आमच्याकडे करायचं आहे.

खंजिरी

मी ख्रिस्ती नाही. तिवसा तालुक्यातला आहे, आमच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवतो. मोझरी जवळच, त्यामुळे खंजिरी आमच्याकडे घरोघर. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरी हाती घेऊन गावंच्या गावं गात केली, आम्ही त्यांचीच लेकरं.

पऱ्हाटी भाऊ, तुम्ही ‘चाल’ म्हणून दुसऱ्या पदाचे दोन शब्द लिहिले आहेत असं म्हणालात. आमच्या जुन्या भजनांच्या पुस्तकांतही अगदी तसंच असतं. वर ‘चाल’ म्हणून तेव्हा सगळ्यांना येणाऱ्या पदाची सुरुवात छापतात. तेव्हाचे लोक ती वाचूनच गायला लागायचे. तुमच्या पुस्तकातलं ते पद तुमच्या मंडळीत कोणाला येत नसेल, पण तुमच्याच गावच्या विठ्ठल मंदिरातल्या म्हाताऱ्या भजनकऱ्याला येत असेल. चाली काही धर्म विचारून फिरत नसत. नाटक कंपन्या वऱ्हाडात यायच्या, त्यांची पदं भजनात शिरायची, कीर्तनकार ती उचलायचे. ते दोन शब्द घेऊन भजनी मंडळात जा.

सदरची_आल्टो

@खंजिरी, दादा, हे मला सुचलंच नव्हतं! आणि विचार केला तर ते अगदी साहजिक आहे. ‘उपासना संगीता’तली बरीच गीतं कवी ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९). १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंग आणि कीर्तन सोडलं नाही. पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसवलेली भाषांतरं त्यांच्या आधी चर्चमध्ये गात होतेच. टिळकांनी मंडळीच्या तोंडी तुकोबांचा छंद दिला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. आणि त्यांचं आयुष्य आपल्या भागातूनही गेलं आहे, नागपुरात धनिक अप्पासाहेब बुटींकडे ते संस्कृत ग्रंथांचं काम करत. मग त्यांच्या काळच्या गीतांच्या चाली भजनी मंडळात सापडणार नाहीत तर कुठे?

मोर्शीची_सिस्टर_नाही

(नाव असं कारण लहानपणी सगळे मला सिस्टर होणार म्हणायचे.)

आमचं कॅथलिकांचं थोडं वेगळं आहे. माझी आजी सांगायची की तिच्या तरुणपणी मिस्सा (आमची मुख्य उपासना) लॅटिनमध्ये व्हायची, लोक गुडघे टेकून आपापली जपमाळ ओढत बसायचे. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकांच्या भाषेला दार उघडलं. अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ चा, म्हणजे तो अगदी लहान असतानाच हा बदल आला. अचानक मराठी गाणी हवी झाली. मग कोणी शेजारच्या प्रोटेस्टंट मंडळीकडून घेतली, कोणी भजनाच्या चालीवर रचली. मिस्सेत बायका टाळ धरून गायच्या, फादर हातपेटी वाजवायचे. त्या पिढीच्या बाया अजून हयात आहेत. त्यांना माइकसमोर उभं करू नका. गोल करून बसवा, मध्ये एकच माइक उशीवर ठेवा आणि त्यांना एकमेकींकडे बघून गाऊ द्या. आमच्याकडे हे करून पाहिलं आहे. त्यांचा आवाज उघडतो.

सदरची_आल्टो

गायनसंध्येसाठी पट्टीचं एक सांगायचं राहिलं. चार आवाजांसाठी लिहिलेल्या पाश्चात्त्य गीतांत चाल सोप्रानोकडे, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजाकडे असते, ती उंच जाते. गावात सगळे मिळून तीच ओळ गातात. म्हणून मंडळीनं गायचं गीत मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) पांढरी सहापासून वर तार (वरच्या) सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत बसेल असं धरा. त्याच्या वर गेलं की पुरुष गप्प होतात आणि बाया किंचाळतात. तुमच्या बाबांच्या ‘पां. ४’, ‘का. १’ या खुणा अतिशय मोलाच्या आहेत. त्यांनी तुमच्याच मंडळीचे गळे ऐकून त्या केल्या आहेत, त्या बदलू नका.

आणि ‘सायलेंट नाइट’चं मराठी रूप घेणार असाल तर ढोलकवाल्याला आधीच सांगा की ते सहा मात्रांचं आहे. त्याला केरवा नको, संथ दादरा हवा. ते गीत १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हा साथीला ऑर्गन नव्हता, गिटार होती. दोघे गाणारे आणि शेवटच्या ओळींना क्वायर. त्यामुळे पायपेटी तोवर दुरुस्त झाली नाही तरी मनाला लावून घेऊ नका.

ट्रॅकवाला

ताई, हे केरव्याचं आमच्याइथं दर साली होते. कीबोर्डमंदी जे रिदम आधी लागलं तेच चालू राहते. यंदा दादरा लावतो.

वायरमनचा_भाऊ

वेळेचं बघा. डिसेंबरात हरभरा-गव्हाला पाणी द्यायचं असतं. शेतीची थ्री फेज ज्या आठवड्यात रात्री असते, त्या आठवड्यात गावातले निम्मे पुरुष रात्री शेतात असतात. बाकीचे रानडुकरांसाठी जागलीला जातात. आधी तुमच्या फीडरचं वेळापत्रक विचारा, मग कार्यक्रमाची तारीख धरा. स्पीकरसाठी पोलीस स्टेशनची परवानगी लेखी घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा २००० च्या नियमांतला कायदा आहे. वर्षातले काही दिवस बारापर्यंत सूट असते, पण त्यांची यादी जिल्हाधिकारी काढतात. ती बघूनच ठरवा. मी तर म्हणेन सहाला सुरू करा, साडेआठला संपवा. म्हाताऱ्या माणसांना थंडी बाधते.

टिनाखाली आवाज फार घुमतो. मागच्या भिंतीला घरातल्या जाड चादरी आणि गोधड्या टांगा. फुकटात होतं आणि शब्द कळतात.

पऱ्हाटी

बारा दिवसांनी लिहितो आहे, आधी कापूस वेचणीत अडकलो होतो. बरंच झालं आहे, म्हणून सगळं सांगतो.

खंजिरी भाऊंचं वाचून त्याच शनिवारी विठ्ठल मंदिरात गेलो. आमच्या गावचे जुने भजनकरी आता काठी घेऊन चालतात, डोळ्यांनाही कमी दिसतं. पुस्तकातले ‘चाल’चे ते दोन शब्द वाचून दाखवले. त्यांनी क्षणभर मान हलवली, मग मांडीवर ताल धरला आणि गायलाच लागले. तीच चाल होती. दुसऱ्या ओळीत कोमल निषादावरून तसंच खाली येणं. अंगावर काटा आला. त्यांना विचारलं, बुवा, ही कुठून आली? म्हणाले, माझ्या बापाची. आणि मग म्हणाले, “तुह्या आज्याच्या संगं म्हनायचो रे मी. तो मिशनच्या वट्ट्यावर पेटी घेऊन बसे.” मला हे कधीच कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आजींकडे गेलो. छाती आता बरी आहे, आवाज बसलेला पण सूर पक्का. धारणीच्या ताईंनी विचारलं होतं म्हणून कसं टिपलं ते लिहितो. मोबाइल टेबलावर न ठेवता घडी केलेल्या चादरीवर ठेवला, टेबलाची थरथर येत नाही. पंखा बंद केला, कोंबड्या बाहेर काढल्या. पेटीचा सूर आधी दिला नाही. आजींना त्यांच्या सुरात सुरू करू दिलं आणि मग कोणती पट्टी आहे ते पेटीवर शोधलं, काळी चार निघाली. प्रत्येक गाणं दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा त्या शब्द आठवत गातात आणि दुसऱ्यांदा चाल खुलते. गाण्याआधी त्यांच्याच तोंडून सांगून घेतलं की हे कोणाकडून शिकलात, कोणत्या प्रसंगी म्हणायचे. एक गाणं फक्त मयतीच्या घरी रात्री जागताना म्हणायचे, हे त्यामुळे कळलं. ते मी कार्यक्रमात घेणार नाही, पण टिपून ठेवलं. दोन बैठकांत नऊ चाली झाल्या.

पेटीची मागची फळी काढली. सूर_जुळवणारा काका, तुम्ही म्हणालात तसंच होतं, भात्याच्या कोपऱ्यात उंदरानं घर केलं होतं, कापसाचंच. कापड कडक नाही, दोन ठिकाणी कुरतडलेलं आहे. चामडं आणि सरस लावला. सूर काढून झाडले, कागदावर नंबर घालून ठेवले होते. चार सूर अजून मुके आहेत, त्यांना हात लावला नाही. बाकीचे बोलतात.

@ट्रॅकवाला, भाऊ, त्या नऊपैकी तीन चालींचे ट्रॅक तुम्ही बनवाल का? नुसती चाल आणि दादरा-केरवा, बाकी काही नको. आमचेही सहा पोट्टे पुण्या-नागपुरात आहेत, त्यांना पाठवतो. रेकॉर्डिंग तुम्हाला व्यक्तिगत निरोपात धाडलं आहे.

कार्यक्रम २३ डिसेंबरला संध्याकाळी सहाला, चर्चच्या आवारात. त्या आठवड्यात आमच्या फीडरला थ्री फेज दिवसा आहे, विचारून घेतलं. परवानगीचा अर्ज दिला आहे. बाया गोल बसतील, माइक उशीवर. भजनकरी बुवा येणार आहेत, त्यांच्यासाठी खुर्ची पेटीच्या उजव्या हाताला ठेवतो, त्यांना त्या बाजूनं ऐकू येतं. खंजिरी भाऊ, तुम्हाला यायला जमलं तर मुक्काम आमच्या घरी.

ट्रॅकवाला

रेकॉर्डिंग ऐकलं. रविवारपर्यंत तिन्ही देतो. माह्या मायले ऐकवलं तर ती दुसरी चाल म्हनते, तिची उतरन येगळी हाय. तिची बी टिपून धाडू का?

पऱ्हाटी

धाडा. दोन्ही ठेवू.